सदतिसावा गट

इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी तपासणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. ही गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिचा निकाल आधीच लागला होता. "बॅटरी गेली, अख्खा पॅक बदला," असं मालकीणबाईंना दुसऱ्या ठिकाणी सांगितलं होतं. इलेक्ट्रिक गाडीत पॅकच सगळ्यांत महाग. तेवढा खर्च करण्यापेक्षा गाडी भंगारात देऊन पुन्हा पेट्रोलची घ्यावी, असं त्यांच्या मनात होतं.

"चढावर एकदम दम जातो. सपाट रस्त्यावर मात्र अगदी छान चालते हो," त्या म्हणाल्या.

हे दुसरं वाक्य ऐकलं आणि मी त्यांना म्हटलं, निर्णय घ्यायच्या आधी मला गाडी एकदा चढावर नेऊ द्या.

या पॅकमध्ये सेलचे ९६ गट एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले होते. पूर्ण चार्ज असताना एका गटाचे चार व्होल्टच्या थोडे वर, सगळ्यांचे मिळून चारशेच्या आसपास. सगळ्यांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एक गट जरी खालच्या मर्यादेला टेकला तरी बॅटरीवर लक्ष ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम मोटरची ताकद आवरते. उरलेले पंच्याण्णव तेव्हा कितीही भरलेले असोत.

गाडी उभी असताना सगळे गट एका रांगेत होते, फरक काही मिलिव्होल्टचा. मग सहकारी गाडी चालवायला बसला आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन. चढावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, करंट २०० अँपिअरपर्यंत गेला आणि सदतिसावा गट इतरांपेक्षा तब्बल ०.४ व्होल्ट खाली कोसळला. पाय काढताच लगेच जागेवर. उतारावर रीजेन, म्हणजे वेग आवरताना मोटरनेच बॅटरी चार्ज करणं, सुरू झालं, बॅटरीत उलटा करंट शिरू लागला, तेव्हा हाच गट सगळ्यांच्या वर गेला!

ते पाहून मी सहकाऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली. सेलची क्षमता संपली असती तर गट चार्ज उतरत आल्यावर ढासळला असता आणि पाय काढल्यावर सावकाश सावरला असता. इथे घसरण करंटच्या तालावर चालली होती. म्हणजे हा रोध होता, करंटच्या वाटेतला अडथळा. ०.४ व्होल्ट भागिले २०० अँपिअर, म्हणजे दोन मिलिओहम जास्तीचा रोध. तो सेलच्या आत आहे की बाहेरच्या जोडावर, हे मात्र स्क्रीनवरून कळत नाही, कारण व्होल्टेज मोजणारी तार बसबारवरच, म्हणजे गट जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरच, बसवलेली असते. पॅक उघडणं भाग होतं.

ते काम घाईचं नाही. आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली, पॅकचे दोन भाग एकमेकांपासून तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबलो. मग मीटर आधी चालू सप्लायवर तपासला, नंतर इथे शून्य पाहिलं, आणि पुन्हा चालू सप्लायवर. शून्य दाखवणारा मीटर बिघडलेलाही असू शकतो! शिवाय प्लग काढला तरी पॅकचे दोन्ही भाग आत जिवंतच असतात. भरलेल्या सेलला बंद करायचं बटण नसतं. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे शेवटपर्यंत हातात होते.

सदतिसाव्या गटाच्या बसबारचं एक टोक काळवंडलेलं दिसलं. बोल्टला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजणारा पाना लावला, तर तो ठरलेल्या टॉर्कच्या कितीतरी आधीच फिरला. मिलिओहम मीटरने सेल मोजला: शेजाऱ्यांसारखाच, निरोगी. सगळा दोष जोडात होता. २०० अँपिअरला तिथे ८० वॅट उष्णता तयार होत होती, नखाएवढ्या जागेत. उष्णतेने धातूवर ऑक्साइड चढतं, त्याने रोध वाढतो, रोधाने आणखी उष्णता. एक सैल बोल्ट गाडीला भंगाराच्या दारापर्यंत घेऊन आला होता आणि त्याच्या शेजारचा एकही सेल आजारी नव्हता. मला आनंद झाला आणि तितकाच संतापही आला.

नवा बसबार, नवा बोल्ट, बाकीच्या सगळ्या जोडांचा टॉर्क, नवं गॅस्केट, हवेच्या दाबाने गळतीची चाचणी. नंतर तोच चढ. सदतिसावा गट इतरांच्या रांगेत राहिला.

हल्ली सेल-टू-पॅक रचनेत मधली मॉड्यूल, म्हणजे सेलचे वेगळे काढता येणारे गठ्ठे, काढून सेल थेट पॅकमध्ये चिकटवतात. त्याने वजन वाचतं, त्याच जागेत जास्त ऊर्जा मावते, हे मान्य. पण असा जोड आत अडकला तर त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? बॅटरीच्या भीतीने इलेक्ट्रिक गाडी न घेणारी माणसं मला सतत भेटतात, आणि 'अख्खा पॅक बदला' या उत्तराने ती भीती खरी ठरते. युरोपियन संघात फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरींना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद, लागणार आहे. चांगलंच आहे. मला त्याबरोबर प्रत्येक गटाचा आकडा कुठल्याही तंत्रज्ञाला वाचता यायला हवा आहे, आणि बोल्टपर्यंत पाना पोचायला हवा आहे.

बाईंच्या परवानगीने चढावरचा आलेख मी आधीच्या ठिकाणच्या तंत्रज्ञाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. रीजेनमध्ये वर गेलेला आकडा कसा टिपला, हे त्याने बारकाईने विचारून घेतलं. त्याच्याकडे 'बॅटरी गेली' म्हणून आणखी एक गाडी उभी आहे. तिचा पॅक मागवायच्या आधी तो तिला चढावर नेणार आहे.