एकाच पिंपातली कल ईला

स्वतंत्र बॉटलरच्या, म्हणजे डिस्टिलरीकडून पिंप घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणाऱ्याच्या, सिंगल माल्टचं (एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्कीचं) लेबल मी बूच काढण्याआधीच नीट वाचतो, कारण पुढे काय चाखायचंय ते बरंचसं तिथेच कळतं. ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कल ईला डिस्टिलरीची: 12 वर्षं, रिफिल हॉगशेड, 58 टक्के अल्कोहोल, चिल फिल्टर न केलेली, म्हणजे थंड करून न गाळलेली. हॉगशेड म्हणजे साधारण 250 लिटरचं पिंप. रिफिल म्हणजे त्यात आधी एकदा तरी स्कॉच मुरून गेलेली. त्यामुळे लाकडाची चव दबते, डिस्टिलरीचा धुरकट स्वाद पुढे येतो. रंगही वाळल्या गवतासारखा फिका. तेवढ्यावरून व्हिस्की कच्ची समजू नये.

या डिस्टिलरीचा बराचसा माल ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक व्हिस्कींच्या मिश्रणात, जातो, तिथे पिंपापिंपांतला फरक पुसला जातो. एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीत तो तसाच राहतो, म्हणून आधीच्या बाटलीच्या टिपणांचा इथे फारसा उपयोग नाही.

तोंडाशी निमुळत्या ग्लासात 20 मिली, बर्फ अजिबात नाही. मुंबईच्या उकाड्यात अल्कोहोल आधी नाकात चढतं. खोली 20-22 अंशांवर आणून मगच ओतावी. दहा मिनिटं थांबलो. ग्लासात नाक खुपसलं तर पुढची पाच मिनिटं काही कळत नाही, तेव्हा ग्लास हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं: लिंबाची साल, विझलेली चूल, ओला दोरखंड. पहिला घोट जीभ सरावण्यापुरता. त्यावरून मत बनवत नाही.

खरं काम पाण्याचं. 20 मिलीत 5 मिली पाणी घातलं की 58 टक्क्यांचे साधारण 46 होतात. पण चमचाभर एकदम ओतलं तर मधला सगळा टप्पा हुकतो, आणि घातलेलं पाणी काढता येत नाही. ड्रॉपरने एकेक मिली, मध्ये दोन मिनिटं. बोअरचं जड पाणी नको, आरओचं चालतं. 3 मिलीवर, म्हणजे पन्नाशीला, व्हिस्की मोकळी झाली: धूर मागे सरला, पेअर आणि माल्टचा गोडवा वर आला. पाचव्या मिलीला मात्र ती पातळ लागली.

पाण्याने ग्लास जरा गढूळला. चिल फिल्टरमध्ये गाळले जाणारे मेदाम्लांचे एस्टर हे तेलकट घटक इथे शिल्लक असतात, त्यांचा हा परिणाम, दोष नव्हे. तळाशी काळे कण दिसले तर तो पिंपाच्या जाळलेल्या आतल्या बाजूचा कोळसा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र बुचावर संशय घ्यावा.

बाटली उभीच ठेवली. आडवी ठेवली की एवढं कडक अल्कोहोल बूच खातं. दोन आठवड्यांनी पुन्हा ओतली तेव्हा 2 मिली पाणी पुरलं.