रिकाम्या एक्सएमएलएनएसमध्ये गेलेले नऊ दिवस

पगार आणि पुरवठादारांची देणी बँकेला कळवणारी एक्सएमएल फाइल आम्हाला आयएसओ २००२२ (बँकिंग संदेशांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे बनवायची होती. संदेश ‘पेन.००१.००१.०३’, म्हणजे ग्राहकाने बँकेला दिलेला पैसे पाठवण्याचा आदेश. कुठलं फील्ड कुठे बसतं हे दोन दिवसांत जमलं. अडकलो ते नेमस्पेसवर, म्हणजे फाइलमधला टॅग कुठल्या संचातला आहे हे सांगणाऱ्या नावावर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

काही फाइली जायच्या, काही परत यायच्या. सोबत एकच ओळ, ‘स्कीमा व्हॅलिडेशन फेल’, म्हणजे फाइल ठरलेल्या रचनेच्या नियमांत (स्कीमात) बसत नाही. कुठला टॅग, कितवी ओळ, काहीच नाही. विचारायला मेल टाकला की उत्तराला एक दिवस, आणि उत्तरात पुन्हा तीच ओळ. आमच्याकडे मात्र त्याच स्कीमावर प्रत्येक फाइल पास होत होती.

तिसऱ्या दिवशी सहकारी म्हणाली, “परत आलेल्या सगळ्यांत बिलाचा तपशील आहे, बघ.” खरंच होता. हा तपशील ‘आरएमटीआयएनएफ’ टॅगमधल्या ‘यूएसटीआरडी’त जातो आणि त्याला १४० अक्षरांची मर्यादा आहे. मी तो १०० वर कापला. फाइल परत. विशेष चिन्हं काढली. परत. नुसतं ‘टेस्ट’ लिहून पाठवलं, तीही परत. प्रत्येक प्रयत्नाला एक अख्खा दिवस.

नवव्या दिवशी डिस्कवर लिहिलेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली आणि नजर थांबली. ‘आरएमटीआयएनएफ’च्या सुरुवातीच्या टॅगमध्येच लिहिलं होतं ‘एक्सएमएलएनएस’ (नेमस्पेस जाहीर करणारा शब्द), बरोबरचं (=) चिन्ह, आणि पुढे दोन अवतरणचिन्हं, मधे काही नाही. आमच्या कोडमध्ये ही अक्षरं कुठेच नव्हती.

ती एक्सएमएल लिहिणाऱ्या लायब्ररीने घातली होती, आणि बरोबरच घातली होती. मुळाच्या ‘डॉक्युमेंट’ टॅगवर डीफॉल्ट नेमस्पेस असेल तर फाइल वाचताना आतले बिनप्रीफिक्सचे (नावाआधी नेमस्पेसची छोटी खूण नसलेले) टॅग त्याच नेमस्पेसचे धरले जातात. पण कोडमधून नवा टॅग तयार करता तेव्हा त्याचं नेमस्पेस तिथल्या तिथे ठरतं. नंतर कुठल्याही पालकाखाली जोडा, ते बदलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या, नवा टॅग बनवणाऱ्या ‘क्रिएटएलिमेंट’ला मी नुसतं नाव दिलं होतं, म्हणून तो टॅग नेमस्पेसबाहेरचा झाला. फाइल लिहिताना ते दाखवायचा एकच मार्ग होता, रिकामं एक्सएमएलएनएस. आतला ‘यूएसटीआरडी’ही त्याच्यासोबत बाहेर गेला. नाव तेच असलं तरी स्कीमाच्या दृष्टीने तो परका टॅग.

आमच्याकडे पास का होत होती? कारण तपशील शेवटच्या पायरीवर, व्हॅलिडेशन झाल्यानंतर जोडला जात होता. म्हणून पहिला सल्ला हाच: मेमरीतलं टॅगांचं झाड नको, डिस्कवर लिहून झालेली फाइल पुन्हा वाचून तपासा. दुरुस्ती एवढीच होती: ‘क्रिएटएलिमेंट’ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून पूर्ण नेमस्पेस दिलं. त्याच दिवशी फाइल गेली. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

हे आधी सांगायला हवं होतं: आमची आणखी एक तपासणी होती, चुकीच्या रकमा शोधणारी, आणि तिला कधीच काही सापडत नव्हतं. ती एक्सपाथ १.० या टॅग शोधण्याच्या क्वेरी भाषेत, प्रीफिक्स न लावता लिहिली होती. तिथे प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलं नाव. डीफॉल्ट नेमस्पेस तिथे चालत नाही. त्यामुळे ती शून्य नोंदी तपासून ‘सगळं ठीक’ म्हणत होती. डॉटनेटच्या ‘एक्सएमएलनेमस्पेसमॅनेजर’मध्ये स्वतःचा प्रीफिक्स नोंदवा आणि तोच क्वेरीत वापरा. फाइलमध्ये प्रीफिक्स नसला तरी हरकत नाही, जुळवणी नेमस्पेसच्या मजकुरावर होते. ती अक्षर न अक्षर होते, एखादं कॅपिटल अक्षरही चालत नाही.

आता आम्ही त्याच संदेशाच्या ‘०९’ आवृत्तीकडे चाललो आहोत. नुसतं नेमस्पेस बदलून भागणार नाही: बँकेच्या ओळख-कोडच्या ‘बीआयसी’ टॅगचं ‘बीआयसीएफआय’ झालंय आणि अंमलबजावणीची तारीख आता आतल्या ‘डीटी’ टॅगमध्ये जाते. पण नेमस्पेस या वेळी कोडमध्ये एकाच जागी लिहिलंय, आणि ती ‘टेस्ट’वाली परत आलेली फाइल चाचणी संचात पहिल्या क्रमांकावर आहे.