माती लागते म्हणे

"थोडी माती लागते," माझ्या हातच्या रोहूच्या रश्शाचा घास घेऊन भाऊजी म्हणाले आणि वरणाचा गंज पुढे ओढला. बस, एवढंच. पण तेच कानात घुमून राहिलं.

लागते हे खोटं नाही. मे महिन्यात तलाव तळाला गेलेला, उरलेलं पाणी हिरवंगार. त्या शेवाळातले आणि गाळातले बारीक जीव जे द्रव्य सोडतात, त्याचाच हा वास. पहिल्या पावसात भुईला येतो तोही त्याचाच. कल्ल्यांतून ते माशाच्या अंगात शिरतं आणि चरबीत मुरतं. मालगुजारी तलाव (जुन्या जमीनदारांनी बांधलेला) असो की शेततळं, उन्हाळ्यात हे व्हायचंच. यात रांधणारीचा काय दोष? पण ताटावर बसलेल्याला तलाव कुठे दिसतो, त्याला हातच दिसतो.

उपाय आहे, पण तो जित्या माशावर. मरळ गळाला लागली (तिला बेडूक नाहीतर बारीक मासोळी लागते, कणीक-ढेपेची गोळी रोहूसाठी) की टाक्यातल्या स्वच्छ पाण्यात चार-पाच दिवस उपाशी ठेवायची, पाणी रोज बदलायचं. वर जड झाकण हवं, नाहीतर उडी मारून अंगणात. ती वरची हवा घेते, म्हणून तगते. रोहूचं तसं नाही, जाळ्यातून निघाला की थोड्या वेळात संपला.

मग सगळी मदार विळीवर. कल्ले मुळासकट काढायचे. पित्त फुटू द्यायचं नाही. फुटलं तर असा कडूपणा की माती परवडली. पोटातली काळपट झिल्ली बोटाने खरवडायची, कण्याला चिकटलेलं रक्त नखाने. किलोभर तुकड्यांना दोन चमचे मीठ, हळद आणि लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ चोळून अर्धा तास ठेवायचं, मग ते पाणी फेकून धुवायचं. आंबटाने वास मोडतो. पुष्कळ मोडतो, सगळा नाही. चरबीत खोल गेलेला राहतोच.

एवढं सगळं करून, "माती लागते". ताई काही बोलल्या नाहीत. ताईंचं म्हणजे... जाऊ दे.

रस्सा मात्र जमला होता. जवसाच्या तेलात मेथीदाणा, मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि तिखट. उकळी फुटल्याशिवाय तुकडे सोडायचे नाहीत, सोडल्यावर दहा मिनिटं पुरे. पळी घातली की मासा मोडतो. गंजच दोन्ही हातांनी धरून हलवायचा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी. मांस पांढरंशुभ्र, पापुद्रा पापुद्रा सुटत होतं. ते कोणी पाहिलं?

आता लक्षात येते की वास चरबीत, आणि रोहूची चरबी पोटाच्या तुकड्यात. तो मानाचा तुकडा, म्हणून दरवेळी भाऊजींच्याच ताटात. शेपटीकडे माती कमी लागते, पण काटे बारीक, दुतोंडी आणि भरपूर. पुढच्या खेपेस त्यांना शेपटीच वाढीन. काटे वेचता वेचता बोलायची फुरसतच मिळायची नाही.