उजनीतल्या होडीचं सोलर पॅनेल बदललं, पण खरं काम वायरचंच निघालं

काकांचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एका शेडवर चढलेलो, भर दुपार, पत्र्याला हात लावता येत नव्हता. काका म्हणाले, "बाळा, होडीवरचं पॅनेल गारांनी फुटलंय. काचेची नुसती जाळी झालीय. पण मीटर लावला तर वीस व्होल्ट दाखवायलाय बघ. मग बॅटरी का भरंना?"

हा प्रश्न मला कायम येतो, जास्त करून शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावलेल्यांकडून. व्होल्ट तर दाखवतंय मग चार्ज का होत नाही. तर मीटरनं व्होल्ट बघताना वायरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळं जॉइंट सडलेला असू दे, नाहीतर वायरची एकच तार शिल्लक असू दे, मीटरला वीस व्होल्ट दिसणारच. बॅटरी जोडली, करंट ओढायला लागली की मग खरं कळतं. काकांना म्हटलं, हात लावू नका, रविवारी येतो.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. नेव्हीतून रिटायर झाले आणि करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्याला लागून शेत आहे तिथं राहायला गेले, आणि एक जुनी १८ फुटी फायबरची शिडाची होडी आणून स्वतः नीट केली. आसपासचे मासेमारीवाले आधी बघायला यायचे, आता वाऱ्याचं विचारायला येतात. होडीवर सामान थोडंच, दोन एलईडी दिवे, मोबाईल चार्जर, आणि तळात साठलेलं पाणी उपसायचा छोटा पंप. हा पंप सगळ्यात महत्त्वाचा. पाणी वाढलं की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, वर येतो आणि पंप आपोआप चालू होतो, पण बॅटरीत जीव असेल तरच. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जोरात पाऊस झाला, बॅटरी बसलेली, सकाळी होडी निम्मी पाण्यात. काका त्या दिवशी जेवले नाहीत असं काकूंनी नंतर सांगितलं. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

पॅनेल शोधण्यात दोन दिवस गेले. आता सगळीकडं घरावरचे पाचशे वॅटच्या वरचे मोठे पॅनेल, छोटं मागितलं की दुकानदाराला कंटाळा. एकानं २५० वॅटचं जुन्या स्टॉकमधलं स्वस्तात देतो म्हटलं, पण ते साठ सेलचं (सेल म्हणजे काचेखालचे वीज तयार करणारे छोटे तुकडे), चालताना तीस व्होल्टच्या आसपास देणारं, आणि काकांचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा, साधा पीडब्ल्यूएम जातीचा. पीडब्ल्यूएम पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, म्हणजे तीस व्होल्टचं पॅनेल तेरा-चौदावर चालणार आणि निम्म्याहून जास्त वॅट वायाच. तिथं जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलणारा एमपीपीटी कंट्रोलर पाहिजे, आणि पाच फुटांच्या वर लांबीचं ते पॅनेल त्या होडीवर ठेवायचं कुठं. शेवटी नवी पेठेत ३६ सेलचं, १२ व्होल्ट बॅटरीसाठीचं १२५ वॅटचं मिळालं. जुनं १०० वॅटचं होतं, कंट्रोलर १० अँपिअरचा, हे पॅनेल पावणेसात-सात अँपिअर देतं म्हणजे कंट्रोलर बदलायची गरज नाही.

रविवारी पहाटे निघालो, मोहोळ, टेंभुर्णी करत पोचलो तोवर ऊन चढलेलं. मे महिन्यात उजनी बहुतेक वर्षी मायनसमध्ये असते, म्हणजे वापराचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात गेलेलं, पाणी इतकं आत गेलेलं की शेताच्या बांधापासून होडीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून अर्धा किलोमीटर चालत जायचं, पॅनेल डोक्यावर. काका पुढं, हातात टूलची पेटी, वय सत्तरीला आलंय पण चाल बघायची.

आधी जुन्याचा निकाल लावला. पॅनेल वायरपासून सोडवलं, मीटर १० अँपिअरच्या रेंजला लावून प्लस मायनस मीटरमधूनच शॉर्ट केले. पॅनेलला हे चालतं, कारण पॅनेल ठराविक करंटच्या वर देऊच शकत नाही. बॅटरीवर मात्र हे चुकूनही करायचं नाही, बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, मीटरही जातो आणि हातही भाजतो. तर जुनं पॅनेल कडक उन्हात फक्त पावणेदोन अँपिअर देत होतं, पाच-सहा पाहिजे होते. फुटलेल्या काचेतून ओल आत गेली होती, सेलवरच्या पट्ट्या तपकिरी पडलेल्या. म्हणजे ते गेलंच होतं.

पण मग वायर बघितली. दीड एमएमची घरातली लाल-काळी वायर, मध्ये दोन ठिकाणी पिळून टेप मारलेली. टेप सोलली तर आत सगळं हिरवं. चार बोटं मागं कापून सोललं तरी तांबं काळंच, ओल तारेच्या आतून चढत गेलेली. काका म्हणाले, "ही मीच घातली होती रे, घरात होती ती." मी म्हटलं काका, काहीच चुकलं नाही, दोन वर्षं चालली की.

ह्या वायरचं आपल्याकडच्या उन्हात काय होतं ते नीट सांगतो, कारण सोलापूरकरांनी हे डोक्यात ठेवलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पॅनेलवर लिहिलेले चालतानाचे १८ व्होल्ट हे सेलचं तापमान २५ अंश असताना. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३, काचेखालचा सेल ७० ला जातो. प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का व्होल्टेज कमी होतं, म्हणजे १८ चे राहिले १५ च्या आसपास. आता दीड एमएमची वायर, पॅनेलपासून बॅटरीपर्यंत सहा मीटर जायला आणि सहा मीटर यायला, त्यातून सात अँपिअर गेले की एक व्होल्टच्या वर वायरमध्येच जिरतो. उरले चौदा, आणि बॅटरी पूर्ण भरायला लागतात १४.४. मग करंट आपोआप कमी होत जातो, बॅटरी हळूहळू भरत राहते आणि भरायच्या आत ऊन उतरतं. रोज थोडी अर्धवट, रोज थोडी अर्धवट, लेड ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती मरते. लोक म्हणतात बॅटरी डुप्लिकेट निघाली. मी सोबत सहा एमएमची सोलर डीसी केबल आणली होती, टिनचा मुलामा असलेल्या तांब्याची, तिच्यात तेवढ्याच लांबीला पाव व्होल्ट जातो. वॅट वाढवण्याच्या आधी वायर जाड करा, मी गिऱ्हाइकालाही हेच सांगतो.

केबल ओढायला वेळ लागला. केबिनच्या छतातून आत नेताना ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसून पाणी अडवणारं बूच, बसवला आणि बाहेर केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाऊस केबलवरून ओघळत आला तरी झोळातून टपकून जातो, आत शिरत नाही. एमसी४ कनेक्टर, म्हणजे सोलर केबल जोडायचे प्लग, क्रिंपिंग टूलनेच दाबले, पकडीनं दाबलेला कनेक्टर दिसायला बसतो पण आत सैल राहतो आणि नंतर वितळतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरातच १५ अँपिअरचा फ्यूज. आधी तो नव्हताच! पॅनेलकडून धोका कमी, धोका बॅटरीकडून, वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर फायबरची होडी पेटायला वेळ लागत नाही.

जागेवरून काकांशी जरा चर्चा झाली. जुनं पॅनेल डोलकाठीच्या मागं केबिनवर होतं, सकाळ-संध्याकाळ काठीची सावली त्यावर. काका म्हणाले एवढीशी सावली, किती फरक पडणार. पण ३६ सेल एका माळेत असतात आणि अशा पॅनेलात बहुतेक दोनच बायपास डायोड, अठरा-अठरा सेलला एक. एका बाजूच्या सेलवर गच्च सावली आली की तो डायोड ती अख्खी बाजू वगळतो, उरतात नऊ व्होल्ट, आणि नऊ व्होल्टनं बारा व्होल्टची बॅटरी भरतच नाही. निम्मं नाही, शून्य. काका गप्प झाले, मग स्वतःच म्हणाले, "मागं सुकाणूच्या वर घेऊ." तिथं पाइपची फ्रेम होतीच. आडवंच ठेवलं, कारण नांगरावरची होडी वाऱ्यासोबत फिरत राहते, कुठल्या दिशेला तिरपं करणार, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. खाली वारा खेळायला तीन इंच जागा सोडली.

जोडताना पॅनेलवर काकूंनी दिलेली जुनी सोलापुरी चादर टाकली. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, काढताना उलटं, हे कायम लक्षात ठेवा, कंट्रोलर आधी बॅटरी बघून ठरवतो की सिस्टीम बाराची आहे का चोवीसची. प्लस मायनस दोनदा तपासले. काकांनीच चादर ओढली. मीटरवर ६.३ अँपिअर.

आम्ही केबिनच्या सावलीत बसून भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली, काका दर दहा मिनिटांनी उठून मीटर बघून यायचे. तीनच्या सुमाराला १४.४ दाखवलं, म्हणजे बॅटरी अजून वाचलेली होती. मग फ्लोट हातानं उचलून बघितला, पंप लगेच सुरू. काका काही बोलले नाहीत, नुसता पंपाच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडं बघत उभे राहिले.

पंपाची वायर अजून तीच दीड एमएमची आहे, जूनचा पाऊस लागायच्या आत एकदा जाऊन ती बदलायचीय, केबल उरलीय दोन मीटर.