जिन हॉल अपडेट: ड्रोन थांबला, आता छत अडवतंय

मंडळी, मागच्या वेळी नुसतं रडगाणं होतं: जुन्या जिनिंगच्या हॉलमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायची जागा) ड्रोन एका जागी थांबतच नव्हता. आज बातमी चांगली आहे. आपला मिनी ड्रोन जिन हॉलच्या मधोमध, दोन मीटरवर, स्टिकला बोटही न लावता उभा राहिला. बॅटरी अर्धी होईपर्यंत मी नुसता बघत बसलो. फुटेज म्हणून त्याला काही किंमत नाही, पण डिलीट करणार नाही.

ज्यासाठी हा खटाटोप, तो शॉट तोच आहे. वजनकाट्यावरून निघायचं, कापसाच्या गंज्या लागायच्या त्या ओट्यावरून दारातून आत शिरायचं, सिंगल रोलर जिनांच्या (सरकी काढायच्या यंत्रांच्या) दोन रांगांमधून पुढे जाऊन फुटक्या पत्र्यातून वर. वर आलं की झुडपांतून शकुंतला रेल्वेचे नॅरोगेज रूळ दिसतात. कट नाही. सुरुवात काट्यावरूनच हवी, कारण चौकीदार काकांच्या सगळ्या गोष्टी तिथूनच सुरू होतात: एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारच घ्यायचं तो काळ), कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीखाली काढलेल्या रात्री.

आता ज्याने डोकं खाल्लं ते. पत्र्याखाली जीपीएस मिळत नाही, त्यामुळे सगळी मदार पोटाखालच्या व्हिजन सेन्सरवर. तो जमिनीची चित्रं घेत राहतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. ड्रोन घसरतो तो अंधारामुळे, असंच आपण सगळे धरून चाललो होतो. म्हणून खांबांना एलईडी बांधले. घसरण वाढली! तिथे ट्यूब पेटली. फरशीवर रुई आणि सरकीच्या फोलपटांचा वर्षानुवर्षांचा थर आहे. पंख्यांच्या हवेने तो पळतो. सेन्सरला वाटतं आपणच पळतोय, मग तो उलटीकडे जोर लावतो आणि ड्रोन थेट जिनाच्या अंगावर जातो. एलईडीमुळे त्याला पळणारी रुई आणखी ठळक दिसत होती, एवढंच. शिवाय ती मोटरच्या शाफ्टला गुंडाळली जाते ती वेगळीच. दर फेरीनंतर चिमटा घेऊन बसावं लागतं.

झाडून टाका, असं सुचवलं जाईल. नाही झाडणार. ती रुई गेली तर हॉल म्हणजे नुसतं गोदाम. शेवटी पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप नेला (नवा कोरा, औषध कधी न भरलेला) आणि बारीक नोझलने पाणी मारलं. काका दारात उभे राहून बघत होते.

"काय करून रायले भाऊ? फरशीवर बोंडअळी पडली का?"

हसू आवरून पुढचं सांगतो. थर बसला, पण ओली फरशी चमकायला लागली आणि चकाकी या सेन्सरला अजिबात चालत नाही. म्हणून चमक जाईपर्यंत थांबायचं, पण थर सुकून पुन्हा सुटायच्या आत उडवायचं. या दोन्हींमधली वेळ फार थोडी असते. त्यातही मधल्या पट्ट्यात सेन्सरला धरायला काही ठळक खूण नव्हती. काकांनी कोपऱ्यातलं जुनं बारदान दाखवलं. फाटके तुकडे वेडेवाकडे अंथरून टोकांवर विटा ठेवल्या, आणि ड्रोन थांबला. बारदान फ्रेममध्ये आलं तरी खटकत नाही, ते तिथलंच आहे.

प्रोपेलर गार्ड लावले नाहीत, कारण ते चढवले की वजन २५० ग्रॅमच्या वर जातं आणि नॅनो हा सगळ्यात हलका वर्ग सोडून त्यावरच्या मायक्रो वर्गाचे नियम लागू होतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, त्यामुळे पंखेही जपून वापरतोय. स्वस्तातले डुप्लिकेट पंखे घेऊ नका. आवाज बदलतो आणि फुटेजमध्ये जेली येते, म्हणजे चित्र लिबलिबतं. हजार रुपयांच्या एनडी फिल्टरपेक्षा (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) मला तो चारशेचा फवारणी-नोझल जास्त उपयोगी पडला, हे लिहूनच ठेवतो. आत शिरण्याआधी सिग्नल तुटल्यावरची सेटिंग 'होव्हर'वर (जागीच तरंगत राहणं) ठेवा. 'रिटर्न टू होम' (निघाला तिथे परत) असेल तर तो आधी ठरलेल्या उंचीवर चढतो, आणि मध्ये पत्रा आहे.

रांगांमधली फेरी आता सलग होते. सकाळी पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या सळया उतरतात. एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर लॉक केलं की आत शिरताना क्षणभर सगळं काळं होतं, मग एकेक जिन उजळत जातो. चामड्याचे रूळ अजून जागेवर आहेत. हा तुकडा बघताना मी एकटाच 'वा' म्हणालो.

अडकलंय ते छताशी. वर चढताना जमीन सेन्सरच्या टप्प्याबाहेर जाते आणि जीपीएस अजून आलेला नसतो. त्या मधल्या पट्ट्यात भोकातून येणारा वारा त्याला छताला पेलणाऱ्या लोखंडी कैचीकडे ढकलतो. स्पोर्ट मोडमध्ये झपकन निघायचं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच वाटतंय, छतातून जायचंच कशाला? मागचं दार प्रेसघराकडे (रुईच्या गाठी बांधायची जागा) उघडतं. तिथून बाहेर पडून मोकळ्यात जीपीएस येऊ द्यायचा आणि मग चिमणीला धरून वर. रूळ तिथूनही दिसतील, उलट वळणासकट दिसतील.

फक्त चिमणीच्या काठाला आग्या मोहोळं लटकलीत, म्हणजे चिमणी सोडून पाण्याच्या टाकीच्या बाजूने चढावं लागेल. आणि घाईही आहे. या ड्रोनची मर्यादा ४० अंश, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. मार्च सरायच्या आत उरकायला हवं. मोहोळांच्या आसपास कुणी उडवलं असेल तर किती अंतर ठेवलं ते सांगा. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "दुसऱ्या गावात राहून उडवा."