माजघरातला उजेड: पडक्या वाड्यात फिल्मवर शिकताना

या वेळचा रोल धुऊन वाळला आणि निगेटिव्हवर माजघराच्या मागच्या भिंतीतला कोनाडा दिसला. त्याची कमान, आतली काजळी, शेजारची लाकडी खुंटी, सगळं नीट. निगेटिव्हवर उजेड काळा आणि अंधार कोरा दिसतो; आधीच्या रोलमध्ये याच जागी फिल्म काचेसारखी कोरी निघत होती. कॅमेरा तोच आहे, फिल्म तीच आहे, वाडाही तोच. मधल्या काळात दोन जाणकारांनी माझं काम नीट पाहिलं आणि काय करायला हवं ते स्पष्ट सांगितलं. नव्याने फिल्मकडे वळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

साहित्य साधंच आहे: मामाचा पेन्टॅक्स के-१०००, त्यावरची ५० मिमी एफ/२ लेन्स, इलफर्ड एचपी-५ प्लस ही ४०० संवेदनशीलतेची कृष्णधवल फिल्म, ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर उघडायची तार). वाडा पुण्यातल्या, नदीकडच्या एका पेठेतला. कुठला ते मुद्दाम सांगत नाही. पत्ता फुटला की कोरीव खांब न् दारं उचलून नेणारे आपल्या आधी पोचतात. मालकांची रीतसर परवानगी आहे आणि दर वेळी त्यांचा माणूस सोबत असतो.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर (छपाईसाठी मजकूर-चित्रांचे फोटो काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर) आयुष्य काढलेले. त्यांना मी मोबाइलवर स्कॅन दाखवायला गेले, तर त्यांनी मोबाइल परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "निगेटिव्ह आण. स्कॅनवाल्याने काय केलंय ते बघून तुला काय सांगू?" त्यांचं म्हणणं मला आता पूर्ण पटलंय. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर आपल्या मनाने सावल्या उचलतं, कॉन्ट्रास्ट बसवतं, आणि पातळ निगेटिव्हचाही बरा दिसणारा फोटो हातात ठेवतं. आपण खूश, आणि पुढचा रोलही तसाच.

काका लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) फिल्मची पट्टी ठेवतात, लूप म्हणजे छोटं भिंग लावतात आणि सगळ्यात आधी सावली बघतात. छिद्रांच्या कडेची कोरी फिल्म आणि फोटोतला अंधारा भाग यांत फरक दिसला पाहिजे. दोन्ही सारखेच पारदर्शक असतील, तर त्या कोपऱ्यात काहीच नोंदलेलं नाही आणि ते नंतर कशानेही परत येणार नाही. मग ते पट्टी वर्तमानपत्रावर ठेवतात. निगेटिव्हच्या सगळ्यात काळ्या भागातूनही खालची छपाई जेमतेम वाचता आली पाहिजे; अजिबातच वाचता येत नसेल तर हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, हाताबाहेर गेले. या दोन कसोट्यांना एक पैसा लागत नाही. कुणाला फोटो दाखवायच्या आधी मी आता या दोन्ही करून बघते.

वाड्यातलं दुखणं सावलीचंच असतं. चौकात ऊन आहे, तिथे ४०० च्या फिल्मला एफ/१६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) आणि १/५०० सेकंद पुरतं. चार पावलं आत, ओसरीच्या भिंतीला एफ/८ आणि १/३०, म्हणजे सहा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). माजघर त्याच्याही पलीकडे. के-१००० चा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, पूर्ण फ्रेमची सरासरी घेतो. दारातून चौकाचा तुकडा फ्रेममध्ये आला की काटा त्या उजेडाला भुलतो आणि खोली काळी होते. याचा सराव काकांनी बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाड्यासमोर करून घेतला. गर्द सागवानी खांब आणि माथ्यावर पांढरं आकाश. आधी पूर्ण दर्शनी भागाचं रीडिंग घ्यायचं, मग खांबाजवळ जाऊन फक्त लाकडाचं घ्यायचं आणि दोन्ही वहीत लिहायची. रस्त्यावरची रहदारी सांभाळत हे करणं जिकिरीचं आहे, पण मीटर काय बघतो ते एकदाच कायमचं कळतं.

पुढची पायरी झोन सिस्टिमची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांत (झोनमध्ये) कुठला भाग कुठे बसवायचा ते आधीच ठरवण्याची. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ती १९३९-४० च्या सुमारास बसवली. माझ्या कामापुरता अर्थ असा: मीटर समोरच्या गोष्टीला मधला राखाडी समजतो, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्याचं रीडिंग घेऊन एक्स्पोजर दोन स्टॉपने कमी करायचं. मग कोपरा अंधाराच दिसतो, पण आतला पोत राहतो.

माजघरात मात्र काटाच उठत नाही. तिथे काकांनी पांढऱ्या कागदाची युक्ती दिली. पांढरा कागद साधारण ९० टक्के प्रकाश परत फेकतो, मीटरचा राखाडी १८ टक्के, म्हणजे पाचपट. कोनाड्याच्या फ्रेमचा हिशेब वहीतून जसाच्या तसा देते. भिंतीशी धरलेल्या कागदाचं रीडिंग: एफ/२, १/८ सेकंद. गुणिले पाच: पाऊण सेकंदाच्या आत. मला फोकसची खोली हवी होती म्हणून एफ/११, म्हणजे पाच स्टॉप, बत्तीसपट: २० सेकंद. कोपरा सावलीत ठेवायचा म्हणून दोन स्टॉप कमी: ५ सेकंद.

इथे थांबायचं नाही. एका सेकंदाच्या वरच्या एक्स्पोजरला फिल्म मंदावते. एचपी-५ साठी इलफर्डने दिलेलं सूत्र म्हणजे मोजलेल्या वेळेचा १.३१ वा घात. ५ सेकंदांचे ८ होतात, १० चे २०. हा कोष्टकाचा कागद मी कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाच चिकटवलाय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी झोन ठरवायचा, मग ही भर घालायची. उलट केलं तर हिशेब फसतो.

आठ सेकंद उघडं ठेवल्यावर दारातला चौक जळणारच. तो आटोक्यात आणायची जागा म्हणजे डेव्हलपिंग. एचपी-५ ला आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक मिसळून, २० अंशांना १३ मिनिटं. मी वेळ साधारण सहाव्या हिश्श्याने कमी केली, ११ मिनिटांच्या जरा आत. पस्तीस एमएममध्ये अख्खा रोल एकदमच धुतला जातो, म्हणून ज्या रोलला वेळ कमी करायची त्यावर फक्त असाच टोकाचा उजेड घ्यायचा. अंगणातले साधे फोटो त्यात मिसळले की ते मळकट, बसके येतात.

राहिले ते २० अंश. पुण्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट येतं. बर्फ टाकला की तापमान एकदम घसरतं आणि पुन्हा चढतं. मला माठाने तारलं. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी सकाळी टबमध्ये घ्यायचं, केमिकलच्या बाटल्या आणि टँक त्यात अर्धा तास ठेवायचे. अगदी २० नाही मिळत, पण जे मिळतं ते स्थिर असतं, आणि दर अंशाला वेळ दहाएक टक्क्यांनी कमी करता येते. पाच मिनिटांच्या खाली मात्र जायचं नाही, डेव्हलपिंग असमान होतं. पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे माठ फारसा गार करत नाही. तेव्हाची सोय अजून बघायची आहे.

आता दुसरा अभिप्राय, आणि माझ्या दृष्टीने जास्त मोठा. वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्ट ताईंनी माझी कॉन्टॅक्ट शीट (अख्ख्या रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर) पाहिली. पडलेल्या भिंती, लोंबणारी कौलं, उगवलेला पिंपळ. त्यांनी एकच विचारलं, "हा वाडा कशाने पडतोय, ते यात कुठे दिसतंय?" मग त्या मला माडीच्या खाली घेऊन गेल्या. कडीपाटातली प्रत्येक कडी भिंतीत शिरते, आणि सडायला लागते ती तिथेच. कौल सरकतं, पाणी भिंतीत मुरतं, कडीचं भिंतीतलं टोक वर्षानुवर्षं ओलं राहतं. मधली कडी टणक असते, टोकाचा भुसा झालेला असतो. मग पाटणी खचते आणि भिंतीला पोट येतं.

त्या दिवसापासून मी फोटो कमी काढते आणि बघते जास्त. या रोलमधली माझी सगळ्यात आवडती फ्रेम त्या कडीचीच आहे. डावीकडे सागाचे उभे, घट्ट रेषे. उजवीकडे भिंतीच्या तोंडाशी तेच लाकूड चौकोनी तुकड्यांत फुटलेलं, आणि फटीतून गळालेल्या पांढऱ्या मातीची खाली छोटी रास. बाजूने येणारा उजेड मिळावा म्हणून सकाळी अकराच्या सुमारास ऊन चौकाच्या फरशीवरून उसळतं, ती वेळ धरली. काकांनी लूप लावून बराच वेळ पाहिलं आणि फक्त म्हणाले, "रेषे आलेत."

जिन्यापाशी अजून एक गोष्ट आहे. मालकांच्या आजींनी भिंतीवरची रेघ दाखवली, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची. "इथवर पाणी होतं गं," म्हणत त्यांनी हात उंच करून दाखवला. डोळ्यांना तपकिरी डाग दिसतो, पण कृष्णधवल फिल्मवर तो चुन्यातच विरघळतो. काका म्हणाले, निळा फिल्टर लाव. छापखान्यातल्या लिथ फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून तपकिरी डाग तिच्यावर गडद उठायचे. निळ्या फिल्टरने तसंच झालं. रेघ आली, आणि तिच्याखालचा फुगलेला गिलावाही आला. एक्स्पोजर दोन स्टॉप वाढवावं लागलं, म्हणजे पुन्हा ट्रायपॉड आणि कोष्टक.

सुरक्षेबद्दल ताईंचे नियम मी जसेच्या तसे पाळते आणि तुम्हीही पाळा. एकट्याने जायचं नाही. माडीवर पाय ठेवायच्या आधी खालून कड्या बघायच्या. पारव्यांची घाण असते तिथे मास्क हवाच. आतली कुठलीही वस्तू फोटोसाठी हलवायची नाही. पावसाळ्यात उजेड सगळ्यात चांगला असतो, ढगांमुळे चौक आणि ओसरीतला फरक निम्म्यावर येतो. पण भिंती पाणी पिऊन जड होतात त्या याच दिवसांत, आणि महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते त्या याच काळजीने. तेव्हा जून ते सप्टेंबर आत पाऊल नाही. मालक हो म्हणाले तर दिंडी दरवाजाबाहेरून जे दिसेल ते.

पुढचा टप्पा प्रिंटचा. ताईंना कडीच्या आणि पुराच्या रेघेच्या फ्रेमचे आठ बाय दहाचे प्रिंट हवेत, मालकांच्या घरात दुरुस्तीचं बोलणं चाललंय तिथे दाखवायला. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून झालाय, मल्टिग्रेड कागदही (फिल्टर बदलून ज्याचा कॉन्ट्रास्ट बदलता येतो तो) आलाय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: डेव्हलपिंग कमी केलेल्या निगेटिव्हला दोन नंबरच्या फिल्टरने सुरुवात करू की सरळ तीनने? आणि दारातला चौक वेगळा बर्न करताना, म्हणजे तेवढ्याच भागाला जास्त उजेड देताना, तुम्ही पुठ्ठ्याचं भोक केवढं ठेवता?