मे महिन्यातच गेलीय

टक. टक. टक.

चावी फिरवली की एवढंच. डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, इंजिन काही फिरत नाही. आज मुलुंडला पहाटे चांगलाच गारठा होता. म्हणजे मुंबईच्या मानाने, सोसायटीत सगळ्यांनी कपाटातले स्वेटर काढण्याइतका.

पार्किंगमध्ये लगेच सल्लागार मंडळ जमलं. एक काका म्हणाले, धक्का मारा. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारून काय होणार? पण काकांना कोण सांगणार!

गॅरेजवाला मुलगा आला. मीटर लावला, ११.८ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर साचली होती. वायरी काढून ती त्याने गरम पाण्याने धुतली, टर्मिनल पुसले, वायरी परत लावून पान्याने आवळल्या. मग काकांच्या गाडीवरून केबल जोडल्या. लाल प्लसला, पण काळीचं शेवटचं टोक माझ्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला. "बॅटरीजवळ ठिणगी नको ताई, गॅस असतो तिथे."

गाडी सुरू झाली. मी म्हटलं, थंडीनेच गेली ना?

तो हात पुसत म्हणाला, "कसली थंडी! ही मे महिन्यातच गेलीय. कळलं आज."

दिवसभर हेच डोक्यात. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी पडतो आणि बिंग फुटतं. आळ मात्र जानेवारीवर. माणसांच्या बाबतीतही आपण असंच करतो बहुतेक.

तुमच्यापैकी कुणी पावसाळ्याआधी बॅटरी तपासून घेतं का? की सगळेच टक टक ऐकू येईपर्यंत थांबतात?